चिप मारताना मनगट आवरा

वडोदऱ्याच्या मराठी घरांत खेळ म्हटला की क्रिकेट. मनगटाची कलाकारी आपण लहानपणापासून वाखाणत आलो. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फ मैदानावर मात्र हेच मनगट आड येते. प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९३०च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतलेले हे मैदान १९९०च्या दशकात सर्वांसाठी खुले झाले.

चिप म्हणजे ग्रीनच्या कडेवरून मारलेला छोटा फटका. चेंडू थोडा उडतो, ग्रीनवर पडतो आणि होलकडे घरंगळतो. दोनशे मीटरचा फटका असो वा दहा मीटरची चिप, दोन्हींची मोजणी एकच. म्हणून इथे वाया गेलेला फटका जास्त बोचतो.

चुकते कुठे? चेंडू वर उचलायचा म्हणून आपण ऐनवेळी मनगट झटकतो. क्लबचे डोके हातांच्या पुढे निघून जाते. मग एक तर क्लब चेंडूमागची जमीन खणतो, नाहीतर त्याची खालची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे पळतो. खरे तर उचलण्याचे काम क्लबचे. पिचिंग वेजचे तोंड साधारण ४५ अंश, सँड वेजचे ५५ अंशांच्या आसपास कललेले असतेच.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी असे करून पाहावे :

१. पाय जवळ, वजन डाव्या पायावर थोडे अधिक.
२. चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध किंवा किंचित उजवीकडे.
३. हात चेंडूच्या जरासे पुढे. डाव्या मनगटाची मागची बाजू सपाट.
४. फटका खांद्यांनी मारावा. चेंडू गेल्यावरही डावे मनगट सपाटच राहावे.

घरी सरावासाठी डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली लाकडी फूटपट्टी अशी अडकवा की तिचे टोक हाताच्या पाठीवर येईल. मनगट मागे मोडले की पट्टी लगेच टोचते. चेंडू नसला तरी चालेल. रोज दहा मिनिटे पुरेत.

मनगट आवरायचे म्हणजे मूठ आवळायची नाही. पकड सैलसरच हवी. हात फार पुढे ढकलले तर क्लबची धार जमिनीत रुतते आणि तो धक्का मनगटालाच बसतो. साठीनंतर खेळू लागलेल्या आपल्या मंडळींनी हे विशेष जपावे. मनगट सांभाळले तर खेळ सुधारेल आणि पुढची बरीच वर्षे खेळताही येईल.