एका एकराचे चार भाव

संगमनेर परिसरात जमिनीचा भाव विचारला की उत्तराआधी उलट प्रश्न येतो: कुठला भाव? रेडी रेकनरचा, खरेदीखतातला की सौद्यातला? मध्ये बँकेचे कर्ज असेल तर चौथाही एक निघतो. चारही भाव एकाच एकराचे आणि चारही आपापल्या जागी चालणारे. त्यांतून एक आकडा निवडायचा, त्याखाली सही-शिक्का करायचा आणि उद्या कोर्टात उलटतपासणी झाली तर त्याचे उत्तर द्यायचे, हे ज्याचे काम त्याला कायदा नोंदणीकृत मूल्यांकनकार म्हणतो. गाव त्याला व्हॅल्युअर म्हणते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या माणसाच्या हाती आलेली साधने पाहिली, तर भाव काढणे आता बटण दाबण्याइतके सोपे झाले असेल असे कुणालाही वाटेल. तसे झालेले नाही. जमीन कुठे आहे, किती आहे, कशी आहे, हे आज पूर्वी कधी नव्हते इतके नेमके कळते. तिला कुणी खरोखर किती पैसे मोजले, हे मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच अंधारात आहे. व्हॅल्युअरचे अर्धे काम यंत्रांनी हलके केले. उरलेल्या अर्ध्याची अडचण यंत्रांत नाही, आपल्या व्यवहारांत आहे.

जमिनीला आकड्यांत बसवण्याचा खटाटोप तसा जुनाच. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात जी पाहणी सुरू केली, तिच्यातून मुंबई इलाख्याची जमाबंदी घडली. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालात प्रतवारीची पद्धत पक्की झाली. पावणेदोन हात खोल, एकसारख्या पोताची काळी माती म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणे, ओघळाने धुपणे असे सात दोष ठरवलेले, आणि दोष सापडला की प्रत खाली. आजच्या सातबारावर ‘आकार’ म्हणून जे किरकोळ रुपये-पैसे दिसतात, त्यांचे मूळ या खटाटोपात आहे. आता त्या आकड्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण प्रत्येक दोषाची किंमत आधी ठरवून ती लिहून ठेवायची, ही शिस्त आजच्या कित्येक व्हॅल्युएशन रिपोर्टांत सापडत नाही, हेही सांगायला हवे.

मोजणीत बदल सर्वांत डोळ्यांत भरतो. तेहतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. साखळीनंतर प्लेन टेबल आले, मग टोटल स्टेशन, आणि आता भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार रोव्हर घेऊन शेतात उतरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या कायम संदर्भ केंद्रांच्या जाळ्याशी हा रोव्हर जोडलेला असतो आणि हद्दीचा कोपरा काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगतो. व्हॅल्युअर स्वतः मोजणी करत नाही. पण त्याच्या गणितातला पहिला गुणक क्षेत्र हाच असतो. सातबारावर एक एकर आणि वहिवाटीत सदतीस गुंठे, ही तफावत पूर्वी भावकीत मुरून जायची. आता ती नकाशावर उमटते आणि रिपोर्टात लिहावी लागते. त्याने बांधाची भांडणे मिटली असे नाही. काही नव्याने उकरली गेली.

गावठाणातल्या घरांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ तेवढा असायचा आणि त्यावर कर्ज द्यायला बँक नाखूश. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली आणि गावोगावच्या घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागले. ज्या घराला कागद नव्हता त्याचे मूल्यांकन तरी कशाच्या आधारावर करायचे? इथे यंत्राने काम नुसते जलद केले नाही, शक्य केले.

कागदपत्रांचे काम थोडक्यात आटोपते. डिजिटल सहीचा सातबारा, फेरफार, सूची क्रमांक दोन, महारेरावरची प्रकल्पाची माहिती, एकच मालमत्ता दोन ठिकाणी तारण आहे का हे दाखवणारी २०११ पासूनची सरसाई नोंदवही: यांतले बहुतेक टेबलावर बसून मिळते. जागेवरचे फोटोही अक्षांश-रेखांश आणि वेळेसकट घेतले जातात. त्यामुळे शेजारच्या बंगल्यापुढे उभे राहून फोटो काढण्याची जुनी कला मागे पडली. एक छोटा उपयोग संगमनेरकरांच्या थेट खिशाशी येतो. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत असलेली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरचा कर लागू शकतो, आणि हे अंतर हवाई मोजायचे असते. संगमनेर या गटात मोडते. घुलेवाडी-गुंजाळवाडीच्या पलीकडचा एखादा गट रेषेच्या आत की बाहेर, हा वाद आता नकाशावर रेघ ओढून सुटतो.

खरी मौज पाण्यापाशी येते. प्रवराकाठची बागायत आणि साकूर-बोट्याकडचे पठार एकाच तालुक्यात आहेत, पण जमिनीच्या भावात त्यांची सोयरीक नाही. त्यात निळवंडे. १९७० मध्ये पुढे आलेली या धरणाची कल्पना. डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले ३१ मे २०२३ ला आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ८५ किलोमीटरच्या त्या कालव्याचे लोकार्पण झाले. तळेगाव दिघे, निमोणकडच्या ज्या शिवाराला पिढ्यान्‌पिढ्या जिरायत म्हटले गेले, तिथे भावाचे गणितच नव्याने मांडावे लागते आहे. उपग्रह इथे उपयोगी पडतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून दहा मीटरच्या बारकाव्याची चित्रे फुकट देतात, तीही दर काही दिवसांनी. ऑक्टोबरचे चित्र सगळ्यांचेच हिरवे असते. मे महिन्याचे पाहावे. सलग चार-पाच मे महिने जे शेत हिरवे दिसते, ते बारमाही बागायत. मालकाने सांगितलेली डाळिंबाची बाग खरेच होती का, की बोलणी सुरू झाल्यावर रोपे लावली, हेही त्यातून उघड होते. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा फोटो त्याला जोड देतो.

उपग्रहाला विहीर दिसते, विहिरीतला हिस्सा दिसत नाही. ती चौघा भावांची असेल, आणि विकणाऱ्याकडे चार आणे हिस्सा व आठ दिवसांतून दोन दिवसांची पाळी असेल, तर शेजारच्या अख्ख्या मालकीच्या विहिरीचा भाव या गटाला लावता येत नाही. नदीवरून येणारी पाइपलाइन कुणाच्या शेतातून आणि कुणाच्या संमतीने येते, रस्ता नोंदलेला आहे की नुसता वहिवाटीचा, धाकट्या चुलत्याची सही झाली आहे का, हे चित्रात नाही. यासाठी बांधावर जावे लागते आणि चहाला नाही म्हणता येत नाही.

भूसंपादनात हे सगळे एकदम कसाला लागते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे आधीच्या तीन वर्षांतली शेजारपाजारची खरेदीखते घ्यायची, त्यांतली जास्त किमतीची निम्मी निवडायची आणि त्यांची सरासरी काढून ती शासकीय दराशी ताडून पाहायची. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या पहिल्या आखणीत संगमनेर होते. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या अडचणीवरून आखणी बदलण्याचा निर्णय झाला. पण रेल्वे येणार म्हणून झालेले सौदे काही मागे फिरत नाहीत. त्या काळातली खते आज यंत्राला खाऊ घातली, तर ते रेल्वेसकट भाव सांगेल. कुठली खते बाजूला ठेवायची, हे गावची खबर ठेवणाऱ्यालाच समजते.

आणि इथे मूळ दुखणे येते. रेडी रेकनरचे दर ठरवताना नोंदणी झालेल्या व्यवहारांचा आधार घेतात. खरेदीखतात लिहायची रक्कम पक्षकार रेडी रेकनर पाहून ठरवतात, कारण मुद्रांक शुल्क तसेही त्याखाली येत नाही आणि शहरी मालमत्तेत दहा टक्क्यांपलीकडे खाली गेले तर प्राप्तिकराची नोटीस येते. वरची रक्कम रोखीत. मग तीच खते पुढच्या दराचा आधार होतात. आकडा आकड्याकडे पाहून हसतो. शिवाय २०२२-२३ चे दर पुढची दोन वर्षे तसेच ठेवले गेले, आणि १ एप्रिल २०२५ ला राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. त्या मधल्या काळात बाजार थांबलेला नव्हता. शासकीय मूल्यदर म्हणजे बाजारभाव नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच जवाजी नागनाथम खटल्यात म्हटले आहे. तरी कर्जाच्या फाइलीत पहिली नजर रेकनरवरच जाते.

म्हणून संगणकाने आपोआप भाव काढण्याच्या सेवांचे कौतुक जपून करावे. अमेरिकेत विक्रीच्या किमती बऱ्याच उघड असतात, तिथे झिलो कंपनीने स्वतःच्या अंदाजांच्या भरवशावर घरे विकत घेण्याचा धंदा मांडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळावा लागला. त्याआधीच्या एकाच तिमाहीत घरांच्या किमतीपोटी तीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडीत धरली गेली. मग जिथे खतावरचा आकडाच खरा नाही, तिथे यंत्र काय शिकणार? मुंबई-पुण्याच्या एकसारख्या फ्लॅटांना ते चालून जाईल. संगमनेरच्या बाजारपेठेतला जुना वाडा, खाली तीन भाडेकरू आणि वर भावांची वाटणी, याला नाही.

यावर एक उपाय मला दिसतो आणि तो कुठल्या नव्या यंत्राचा नाही. जाणता व्हॅल्युअर खतावर थांबत नाही. एजंटांना विचारतो, साठेखताची बोली काढतो, उसाचे किंवा डाळिंबाचे निव्वळ उत्पन्न धरून भांडवली मूल्य मांडतो आणि मग आकडा लिहितो. बँका आणि पतसंस्थांच्या कपाटांत असे रिपोर्ट गठ्ठ्याने पडून आहेत. नावे आणि गट क्रमांक काढून टाकून त्यांतले भाव, पाण्याची स्थिती आणि तारीख एवढेच एका जिल्ह्यापुरते एकत्र केले, तर रेकनरपेक्षा खरा तक्ता तयार होईल. २०१७ च्या नियमांनंतर मूल्यांकनकारांच्या मान्यताप्राप्त संघटना झाल्या आहेत, त्यांना हे अशक्य नाही. बँका गोपनीयतेचे कारण देतील. व्हॅल्युअरही कचरतील, कारण एकाच गटाला दोन बँकांसाठी दिलेले दोन आकडे त्या तक्त्यात शेजारी शेजारी येतील.