वीजबचतीचा प्रस्ताव कसा मांडावा?
जुनी विद्युत उपकरणे बदलण्याचा प्रस्ताव ग्राहकापुढे ठेवताना त्याचा पाया जाहिरातीतील टक्केवारी नव्हे, तर त्या ग्राहकाचा प्रत्यक्ष वापर असावा लागतो. उदाहरणार्थ, साधा छतपंखा सुमारे 75 वॅट, तर बीएलडीसी पंखा, म्हणजे कायमचुंबक असलेल्या व इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणाऱ्या मोटरचा पंखा, सुमारे 30 वॅट वीज घेतो. रोज 12 तास व वर्षाला 300 दिवस वापर धरल्यास एका पंख्यामागे 162 युनिट, म्हणजे तितके किलोवॅट-तास, वाचतात. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जात असल्याने वाचलेली युनिटे आधी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून सरासरी दराने केलेला हिशेब खरी बचत कमी दाखवतो. दर 10 रुपये गृहीत धरल्यास वार्षिक बचत 1,620 रुपये होते आणि 3,000 रुपयांच्या पंख्याचा परतफेड-काळ, म्हणजे बचतीतून किंमत भरून निघण्याचा अवधी, सुमारे 22 महिने येतो. तोच पंखा रोज तासभरच चालत असेल, तर हा अवधी 22 वर्षांवर जातो; अशा ठिकाणी पंखा बदलू नये, हे स्पष्टपणे लिहिणारा आणि आपली सर्व गृहीतके उघड मांडणारा प्रस्तावच ग्राहकाच्या विश्वासास पात्र ठरतो.