अमरकंदाची जोपासना

पहिल्या पावसाने डोंगरउताराची माती भिजली की अमरकंदाच्या फुलांचा दांडा जमिनीतून वर येतो. पाने मागाहून येतात. ती लांबट असून त्यांवर ताडाच्या कोवळ्या पानासारख्या उभ्या घड्या असतात. पावसाळा सरल्यावर ती वाळतात आणि पुढे कित्येक महिने या वनस्पतीची खूणही जमिनीवर उरत नाही. युलोफिया वंशातील एकाहून अधिक भू-आमरींना अमरकंद हे नाव आहे.

रानात राहणारे लोक हा कंद खातात, वैद्य तो औषधात घालतात आणि सालममिश्रीच्या ऐवजीही तो खपतो. आंबा उतरविला तरी झाड राहते. येथे कंद खणला की झाडच गेले. त्यातून कंदाचा ठावठिकाणा दाखविते ते फूल किंवा पान, म्हणून खणती बहुधा बोंडे पिकण्यापूर्वीच होते व बी पडावयाचे राहून जाते.

बी तरी विपुल असते. एकेका बोंडात पिठासारखे हजारो कण भरलेले असतात. मात्र त्यांत अंकुराच्या पोषणाचा साठा नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीने अन्न पुरविले तरच ते रुजते. आमरींची ही रीत फ्रान्समधील नोएल बर्नार यांनी १८९९ साली उलगडली. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील ल्युईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीवाचूनही आमरीचे बी रुजवून दाखविले. ते काम प्रयोगशाळेचे आहे. वाफ्यात बी फोकून रोपे मिळतील ही आशा शेतकऱ्याने धरू नये.

शेतावर लागवड कंदापासूनच करावी. विरळ सावलीची, पाणी न साचणारी जागा निवडून भुसभुशीत मातीत कुजलेला पालापाचोळा मिसळावा. ताजे शेण घालू नये. कंदाच्या प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा असावा. कापलेल्या भागास राख लावून तो सुकू द्यावा व पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन बोटे खोल लावावा. तण हातानेच उपटावे. पाने पिवळी पडताच पाणी तोडावे आणि त्या जागी खुंटी ठोकावी, कारण मोकळी दिसणारी जमीन घरचाच माणूस नांगरून टाकतो! जुन्या कंदाशेजारी नवा कंद धरतो. जुन्यांपैकी काही घ्यावेत. नव्यास हात लावू नये.

बेण्यासाठी रान खणणे म्हणजे मूळ हेतूलाच हरताळ होय. रोपवाटिकेत वाढविलेले बेणे घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींना कंदमुळे गोळा करण्याचा हक्क दिला आहे, तसेच वने व जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. ग्रामसभेने डोंगराचा एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवावा, आणि उघड्या भागातही बोंडे पिकून तडकेपर्यंत कुदळ लावू देऊ नये. प्रत्येक ताटव्यातील काही झाडे तर कधीच खणू नयेत. ती कोणती, हे फुले असतानाच दगड रोवून ठरवावे.