मुळीतली गोळी

कदंबाचं फूल आपल्या ओळखीचं. त्याच कुळातलं, तसाच गरगरीत फुलगुच्छ धरणारं एक झाड पश्चिम आफ्रिकेच्या माळरानांवर सर्रास दिसतं. शास्त्रीय नाव नॉक्लिया लॅटिफोलिया. हौसा भाषिक त्याला तफाशिया म्हणतात. ताप भरला, अंग ठणकू लागलं की घरोघरी त्याच्या मुळीचा कडू काढा करतात. शेजारच्या कॅमेरूनमध्ये तो फेफऱ्यावरही देतात.

2013 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मिशेल द वार आणि सहकाऱ्यांना कॅमेरूनहून आणलेल्या मुळीच्या सालीत चक्क ट्रॅमाडॉल सापडलं. हे वेदनाशामक ग्रुनेन्थाल या जर्मन कंपनीनं प्रयोगशाळेत घडवलं आणि 1977 मध्ये बाजारात आणलं. माणसानं बनवलेलं औषध झाडात आधीपासूनच होतं, म्हणून भलताच गवगवा झाला. आजीबाईचा बटवा जिंकला म्हणायचा!

पुढच्याच वर्षी डॉर्टमुंडच्या मिखाएल श्पिटेलर यांच्या चमूनं त्यावर पाणी फिरवलं. दक्षिण कॅमेरूनमधल्या झाडांत ट्रॅमाडॉलचा मागमूस नव्हता. ते सापडलं उत्तरेत, तेही इतर झाडांत, मातीत आणि पाण्यातसुद्धा. उलगडा गोठ्यात झाला. तिथले शेतकरी ट्रॅमाडॉलच्या स्वस्त गोळ्या स्वतः घेत आणि बैलांनाही चारत. मग भर उन्हात नांगर ओढताना जनावर थकत नसे. बैलाच्या शेण-मुतातून औषध जमिनीत मुरलं आणि मुळांनी ते शोषलं. प्राण्याच्या शरीरात औषध पचताना जे अवशेष तयार होतात, तेही मुळांत मिळाले. झाड ते आणणार कुठून?

फ्रेंच चमूनं लगेच हार मानली नाही. 2016 मध्ये श्पिटेलर यांच्या गटानं ट्रॅमाडॉलमधला कार्बन-14 मोजला. जिवंत झाडातल्या कार्बनमध्ये तो असतोच. खनिज तेलापासून बनवलेल्या रसायनात तो केव्हाच संपलेला असतो. निकाल कारखान्याच्या बाजूनं लागला.

त्यानं काढा खोटा ठरत नाही. सालीत स्ट्रिक्टोसॅमाइडसारखी तिची स्वतःची अल्कलॉइडं आहेत आणि गोळ्या निघण्याच्या कितीतरी आधीपासून लोक ती साल उकळून पीत होते.

गोळ्यांची वाट मात्र आपल्याकडूनही जाते. पश्चिम आफ्रिकेत चोरून विकल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलचा मोठा साठा भारतातून जाई. 2018 मध्ये भारतानं ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. त्यानंतरही 2025 मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल हे तशाच प्रकारचं वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर विकल्या जात असल्याचं उघड झालं आणि भारतीय औषध नियंत्रकांना त्या मिश्रणाची निर्यात थांबवावी लागली.