इंचभर अंतरावर मांडलेला फेरा

गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचा तुकडा १ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात ठेवला, की त्यातल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत चुंबकपणा, कलत्या भोवऱ्यासारखा डुलू लागतो. डुलण्याचा एक फेरा सुमारे १६० पिकोसेकंदांत पुरा होतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. सव्वा सेकंदात चंद्र गाठणारा प्रकाश १६० पिकोसेकंदांत जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. तरीही हा फेरा टप्प्याटप्प्याने पाहता येतो, आणि तो मोजणारं घड्याळ म्हणजे चक्क एक सरकता आरसा!

लेसरचा एक स्पंद दोन भागांत विभागतात. पहिला वर्तुळाकार ध्रुवित करून, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा गोल फिरती ठेवून, नमुन्यावर सोडतात. तो इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जेत उचलतो आणि त्यांचे स्पिन एका दिशेला वळवतो. जाड स्फटिकात त्या दिशेचे आणि उलट दिशेचे स्पिन यांची वाटणी तीनास एक अशी होते. थर काही नॅनोमीटरच जाड असेल आणि लेसरचा रंग नेमका निवडला, तर जवळजवळ सगळे एकाच दिशेला. दुसरा, मंद स्पंद आरशावरून फिरून उशिरा पोचतो. आरसा एक मिलिमीटर मागे घेतला, की प्रकाशाला जाऊन-येऊन दोन मिलिमीटर जास्त पडतात आणि उशीर पावणेसात पिकोसेकंदांनी वाढतो. म्हणजे स्पिनचा अख्खा फेरा आरशाच्या इंचभर वाटचालीत मांडला जातो. साध्या पट्टीवर मोजता येईल एवढं हे अंतर आहे. मला या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल, तर ते हेच.

उशिरा आलेल्या स्पंदाला स्पिन कळतो कसा? १८७७ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन केर यांनी दाखवलं होतं, की चुंबकाच्या चकचकीत ध्रुवावरून परावर्तित होताना प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा किंचित वळते. इथे चुंबकाचं काम एका दिशेला वळलेले स्पिन करतात. वळण अंशाच्या लहानशा भागाएवढं असतं. म्हणून परतलेला किरण दोन घटकांत विभागून त्यांतला फरक मोजतात. आरसा सरकत जातो तसा आलेखावर लाटा उमटतात आणि विरतात. लाटांमधल्या अंतरातून डुलण्याचा दर मिळतो, विरण्यातून स्पिनचं आयुष्य.

आयुष्य थोडकं असेल असं वाटतं. पण १९९८ मध्ये सांता बार्बराच्या किक्कावा आणि ऑशलम या संशोधकांनी सिलिकॉनची योग्य भेसळ केलेल्या, अतिथंड गॅलियम आर्सेनाइडमध्ये ते १०० नॅनोसेकंदांच्या पुढे गेल्याचं दाखवलं. १ टेस्लाच्या हिशोबाने हे सहाशेहून अधिक फेरे होतात.

थरांची गंमत याहून खोल आहे. गॅलियम आर्सेनाइडचा पातळ थर अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या दोन थरांमध्ये कोंडला, की इलेक्ट्रॉनची लाट शेजारी पाझरते आणि डुलण्याचा दर जाडीप्रमाणे बदलतो. पाच-सहा नॅनोमीटरच्या आसपास डुलणं जवळपास थांबतं. थर त्याहून पातळ केला, की त्याच चुंबकक्षेत्रात स्पिन उलट्या दिशेने फिरू लागतो.