हृदयाची स्वतःची वीज

आमच्या वस्तीतील एक मावशी पहाटे नळावर चक्कर येऊन पडल्या. पंधरा दिवसांत ही दुसरी वेळ. बायकांत कुजबुज सुरू झाली, "अंगात आलं असेल." धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली, पण भगताचा पत्ता अजून आपल्या तोंडपाठ! पोरांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. नाडी मिनिटाला फक्त ३६. कार्डिओग्राम पाहून डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवावा लागेल. मुलगा रडकुंडीला आला, "म्हणजे आई आता बॅटरीवर जगणार का?"

डॉक्टरांनी त्याला जे समजावले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हृदयाला बाहेरून कोणी चालवीत नाही. मेंदूच्या नसा वेग कमी-जास्त करतात, एवढेच. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात खास पेशींचा एक पुंजका आहे. कीथ आणि फ्लॅक या इंग्लंडमधील संशोधकांनी तो १९०७ साली दाखवून दिला. या पेशींत सोडियम-कॅल्शियमचे विद्युतभारित कण हळूहळू झिरपतात आणि ठरावीक पातळी गाठली की विजेची ठिणगी पडते. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा.

ही लहर वरचे कप्पे आकुंचित करीत मधल्या गाठीपाशी येते. ही गाठ जपानच्या सुनाओ तवारा यांनी १९०६ साली जर्मनीत काम करताना वर्णिली. येथे लहर सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळते. तेवढ्यात वरचे रक्त खाली उतरते. मग तारांसारख्या तंतूंतून ती खालच्या कप्प्यांत पसरते आणि रक्त अंगभर ढकलले जाते.

मावशींची वरची ठिणगी ठीक होती, मधली वाट बंद पडली होती. मग त्या जगल्या कशा? वरून हुकूम येईना, तेव्हा खालच्या पेशींनी स्वतःच ठेका धरला. खालच्यांतही स्वतःची ताकद असते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको! पण हा ठेका संथ, मिनिटाला २० ते ४०. मेंदूला रक्त कमी पडते, माणूस कोसळतो. कधी उठतही नाही. म्हणून वारंवार चक्कर आणि मंद नाडी असेल, तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढावा.

पेसमेकर छातीत वरच्या बाजूला कातडीखाली बसवतात, शिरेतून तार हृदयात सोडतात. यंत्र फक्त ठिणगी देते. राबते ते हृदयच. स्टॉकहोममध्ये १९५८ साली आर्ने लार्सन यांना बसवलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. यंत्रे बदलत बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ वर्षांपर्यंत जगले.

मावशींचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. रेशनकार्डावरील नावाच्या चुकीपायी दोन दिवस गेले, तेवढे कागद आधीच तपासून ठेवा.

परवा त्या विहारात वंदनेला आल्या. हात पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, मोजा." घड्याळ लावून मोजली. ७० भरली.