एक म्हणजे किती?

दिवाळीच्या तोंडावर एखाद्या ऑनलाइन बाजारात मातीच्या पणत्या विक्रीला आल्या आहेत असं समजू. फोटोत बारा पणत्या मांडलेल्या, नावात ‘१२ नगांचा संच’ असं लिहिलेलं आणि शेजारी संख्येच्या चौकटीत आपोआप आलेला १ हा आकडा. चोवीस पणत्या हव्या असलेलं गिऱ्हाईक तिथे २ करतं. बाराच हव्या असलेलं दुसरं गिऱ्हाईक नाव धड न वाचता १२ करतं. पहिल्याच्या घरी कधी दोन संच पोचतात, तर कधी कागदात गुंडाळलेल्या दोन सुट्या पणत्या. दुसऱ्याच्या दारात १४४ पणत्यांचं खोकं येऊन पडतं, आणि पैसे दारात द्यायचे ठरले असतील तर डिलिव्हरीवाल्याशी वाद होतो. अशा वेळी निदान ठरलेलं असतं: पॅकिंगवाल्याचं लक्ष नव्हतं, नाहीतर गिऱ्हाइकाने वाचलं नाही. हे निदान सोयीचं आहे, पण बहुतेक वेळा अपुरं आहे. चूक माणसाच्या हातून घडते हे खरं. मात्र तिची तयारी ऑर्डरच्या मांडणीतच झालेली असते. तिथे आकड्याला एकक नसतं, आणि गिऱ्हाइकाने लिहिलेली विनंती वाचायची कोणी हे ठरलेलं नसतं.

आधी आकड्याचं पाहू. एकाच मालाचे गोदामात किमान तीन ‘एक’ असतात: एक नग, बारा नगांचा एक संच आणि असे कितीतरी संच भरलेलं एक खोकं. घाऊक व्यापाऱ्याचा ‘एक’ खोक्याचा, विक्रेत्याचा संचाचा आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातला नगाचा. बारकोडची जगभरची व्यवस्था पाहणाऱ्या जीएस१ या संस्थेने हा घोळ फार पूर्वी ओळखला. सुटा नग, त्याचा संच आणि संचांचं खोकं यांना वेगवेगळे क्रमांक द्यायचे, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे क्रमांक वाचला की माल कोणता हे कळतं, आणि तो कोणत्या मापात बांधला आहे हेही कळतं. घरातून किंवा छोट्या गाळ्यातून विक्री करणारे मात्र स्वतःचे कोड बनवतात. ‘पणती-लाल’ असा एक कोड सुट्या पणतीला दिलेला असतो. पुढे सुटी पणती पाठवणं परवडत नाही म्हणून विक्रेता तोच माल संचात विकू लागतो, पानावरचं नाव बदलतो, किंमत बदलतो, पण कोड जुनाच राहतो. तोच माल आणखी दोन-तीन संकेतस्थळांवर लावलेला असेल, तर एका ठिकाणी संच आणि दुसऱ्या ठिकाणी सुटा नग, दोन्ही एकाच कोडखाली, असंही होतं. आता पॅकिंग करणाऱ्या मुलाच्या हातात येतं ते फक्त लेबल. त्यावर गिऱ्हाइकाचा पत्ता ठळक असतो, कुरिअरचा बारकोड सर्वांत मोठा असतो आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: पणती-लाल, संख्या २. फोटो त्याच्यापुढे नसतो, पानावरचं नावही नसतं. त्याने दोन पणत्या टाकल्या तर तो लेबलाशी प्रामाणिकच राहिला.

दुसरी अडचण त्या बारीक अक्षरांतल्या आकड्याचीच आहे. घरगुती गिऱ्हाईक बहुतेक वस्तू एकेकच मागवतं, त्यामुळे लेबलांमागून लेबलं ‘संख्या १’ अशीच येत राहतात. मधेच एखादं २ आलं की ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. हा आळस नव्हे. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गर्दीच्या चित्रांत ठरावीक वस्तू आहे का ते शोधायचं, एवढंच काम माणसांना दिलं होतं. निम्म्या चित्रांत ती वस्तू असताना सुमारे ७ टक्के वेळा ती नजरेतून सुटली. शंभरातल्या एकाच चित्रात ती असताना सुटण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेलं. प्रयोगशाळेतली टक्केवारी पॅकिंगच्या टेबलावर जशीच्या तशी लागू होणार नाही, तसा दावाही नाही. पण कारण तेच आहे. जी गोष्ट क्वचित येते तिची वाट पाहणं नजर सोडून देते. अशा माणसाला ‘लक्ष देऊन काम कर’ असं बजावून दुपारपर्यंत फरक पडतो, संध्याकाळी नाही. त्याऐवजी संख्या एकापेक्षा जास्त असेल तेव्हा लेबल वेगळ्या रंगाच्या कागदावर निघालं, किंवा अशा सगळ्या ऑर्डरी बाजूला काढून दिवसातून एकदाच बांधल्या, तर त्या ढिगात २ हा आकडा दुर्मीळ राहत नाही आणि दिसू लागतो.

इथे छोटे विक्रेते म्हणतील की स्कॅनर, संगणकीय गोदाम वगैरे चोचले मोठ्यांना परवडतात. या आक्षेपाला जपानमधलं एक जुनं उदाहरण पुरेसं आहे. १९६१ मध्ये शिगेओ शिंगो हे औद्योगिक अभियंते यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका छोट्या स्विचच्या जुळणीचा प्रश्न सोडवत होते. स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. दटावणं, जास्त तपासणी, सगळं करून झालं होतं. शिंगोंनी कामाचा क्रम बदलला: आधी मोठ्या डब्यातून दोन स्प्रिंगा काढून एका लहानशा बशीत ठेवायच्या, मग स्विच जोडायला घ्यायचा. जोडून झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर चूक तिथेच दिसे. याच विचारातून पुढे ‘पोका-योके’ ही चुका अडवण्याची पद्धत रूढ झाली. पणत्या विकणाऱ्याला लागणारी गुंतवणूक त्या बशीएवढीच आहे. माल आला की सुटा न ठेवता त्याचे बारा-बाराचे संच आधीच बांधून ठेवायचे आणि पॅकिंगच्या टेबलाजवळ सुटी पणती येऊच द्यायची नाही. मग लेबलावरच्या २ चा अर्थ लावायला पॅकरकडे एकच वस्तू उरते. पार्सल चिकटवण्याआधी वजनकाट्यावर ठेवलं तरी चालतं. बारा पणत्यांच्या आणि एका पणतीच्या वजनातला फरक साध्या काट्यालाही कळतो.

एककाचा प्रश्न केवळ नवख्यांचा नाही, हे कोकणच्या हापूसकडे पाहिलं की पटतं. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या आंब्याची ऑनलाइन विक्री आता मोसमात जोरात चालते, आणि पानोपानी मोजमाप असतं ‘एक पेटी’. बागायतदाराला आणि दलालाला पेटी कळते. फळ मोठं असेल तर तीत चार-पाच डझन मावतात, लहान असेल तर सहा-सात. घासाघीस फळाचा आकार पाहूनच होते. वस्तुविक्री अधिनियम, १९३० सुद्धा व्यापारातल्या अशा रूढीला मान देतो. पण ही रूढी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली त्यांच्यापुरती खरी. बंगळुरूत किंवा इंदूरला बसून पहिल्यांदा पेटी मागवणाऱ्या कुटुंबाला ती कुठून माहीत असणार? त्यांनी दुसऱ्या बागेच्या पानावर सहा डझन वाचलेले असतात, इथून चार डझन येतात, आणि मोठी फळं पाठवून ज्याने चांगलं केलं त्या बागायतदारालाच लबाड ठरवलं जातं. डझन आणि एका फळाचं अंदाजे वजन, हे दोन आकडे पानावर दिले असते तर तक्रारीला जागाच राहिली नसती.

त्याच पेटीबरोबर विनंतीही येते: ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचवा. दोन डझन पिकलेले, बाकी कच्चे.’ ही दोन वाक्यं लिहायची कुठे? कुणी प्रश्नोत्तरांत लिहितं, कुणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर क्रमांक न देता पाठवतं, आणि जागाच सापडली नाही की लोक चक्क पत्त्याच्या रकान्यात ‘मारुती मंदिरासमोर’च्या पुढे लिहून टाकतात. तिथे ती वाचणारा एकमेव माणूस म्हणजे डिलिव्हरीवाला, आणि त्याच्या हातात पेटी येईपर्यंत ती बांधून, दोरी आवळून झालेली असते. उलटी चूकही होते. जिथे मजकूर आणि सूचना यांना एकच चौकट असते, तिथे सूचनाच मजकूर म्हणून छापली जाते. ‘नाव लाल रंगात लिहा’ हे शब्दच्या शब्द क्रीमने लिहिलेले केक जगभर हसण्याचा विषय झाले आहेत. केकवाला निर्बुद्ध नसतो. दिवसभर चौकटीतलं जसंच्या तसं उतरवणं हेच त्याला नेमून दिलेलं काम असतं, आणि स्वतःची अक्कल चालवून ज्याने एखाद्या नावाचं शुद्धलेखन ‘सुधारलं’ त्याने बोलणी खाल्लेली असतात.

म्हणून विनंती शक्य तिथे वाक्यातून काढून पर्यायात घालावी. कच्चे, पिकलेले की अर्धे-अर्धे, यांतलं एक निवडल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये, आणि निवडलेलं लेबलवर संख्येच्या शेजारीच उमटावं. पर्यायांत न बसणारं काही उरलंच, तर विक्रेत्याने माल निघण्याआधी हो किंवा नाही कळवावं. नाही म्हणायला लोक कचरतात. ऑर्डर हातची जाईल असं वाटतं. पण न वाचलेली विनंती गिऱ्हाइकाच्या हिशेबी मान्य झालेलीच असते, आणि पेटी उघडल्यावर तो वचनभंग ठरतो. ‘विशेष सूचना’ अशी रिकामी चौकट पानावर ठेवायची आणि ती उघडायला माणूस नेमायचा नाही, यापेक्षा ती चौकट नसलेली बरी.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप असा: एवढा खटाटोप कशाला? चूक झाली तर माल परत घेतो, पैसे देतो, मिटलं. पण परत पाठवल्याने पैसे मिळतात, दिवस मिळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी दोन पणत्या निघाल्या तर सहा दिवसांनी येणाऱ्या परताव्याचा उपयोग काय? पिकलेला आंबा तर परत जाण्याच्या लायकीचाच राहत नाही. शिवाय परतीच्या वाहतुकीचा भार अनेकदा विक्रेत्यावर येतो, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या मालात तो नफा खाऊन वर नुकसान करतो. कायद्याच्या दृष्टीनेही हा केवळ मेहेरबानीचा मामला नाही. वस्तुविक्री अधिनियमाच्या ३७व्या कलमानुसार ठरल्यापेक्षा कमी माल आला तर गिऱ्हाईक तो नाकारू शकतं; जास्त आला तर ठरलेला ठेवून उरलेला, किंवा सगळाच नाकारू शकतं. ४३व्या कलमाप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, हक्काने नाकारलेला माल परत नेऊन देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. नाकारल्याचं कळवणं पुरेसं. गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: चुकून आलेली जादा वस्तू म्हणजे बक्षीस नव्हे. करार अधिनियम, १८७२ चं ७२वं कलम चुकून मिळालेलं परत करायला सांगतं.

आणि गिऱ्हाईक वाचत नाही हा आरोप? तो बराचसा खरा आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर लांबलचक नाव अर्ध्यातच तुटतं, ‘१२ नगांचा संच’ हे शब्द नेमके तुटलेल्या भागात जातात, आणि खरेदी होते ती फोटोवरून. पण हे सगळं विक्रेत्याला ठाऊक असतं. ठाऊक असूनही संख्या नावाच्या शेपटाला ठेवायची आणि मग वाचलं नाही म्हणून ओरडायचं, यात काही न्याय नाही. आवेष्टित मालाची निव्वळ मात्रा विक्रीच्या पानावरही दाखवली पाहिजे, हे बंधन वैधमापन नियमांतल्या २०१७ च्या दुरुस्तीने आलं, आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीने पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर नगाला किती पडतं हे छापण्याची तरतूद झाली. हा दुसरा आकडा पानावरही ठळक दिला तर आपल्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. किमतीखाली ‘एका नगाला ११ रुपये’ असं असेल, तर संख्येच्या चौकटीत १२ लिहिणारा हात एकूण रक्कम पाहून थबकेल.

हे सगळं अर्थात खऱ्या चुकांबद्दल. फोटोत बारा पणत्या, किंमत बारांना शोभेल अशी, आणि तळाशी कुठेतरी ‘फोटो केवळ माहितीसाठी, एक नग मिळेल’ अशी ओळ, हा प्रकार वेगळा. तिथे मांडणी सुधारा असं सांगून उपयोग नाही, कारण ती विचारपूर्वकच तशी केलेली असते. अशा ठिकाणी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा आधार घ्यावा. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. फोन करण्याआधी विक्रीच्या पानाचा आणि पार्सलवरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा. माल परत आल्यावर पानावरचं वर्णन बदलायला दोन मिनिटं लागतात.